सर्व्हरची पाणीपाळी

विषय रुक्ष आहे हे आधीच कबूल करतो. 'सर्व्हरवरील लॉजिकल पार्टिशन व कामाचे नियोजन' असं शीर्षक दिलं असतं तर निम्म्या हॉस्टेलने पान उलटून थेट चारोळ्या गाठल्या असत्या. म्हणून शीर्षक गावाकडचं दिलं. आता आलाच आहात तर पाच मिनिटं बसा, कारण हा विषय तुमच्या-माझ्या मार्कांशी संबंधित आहे.

गेल्या सत्रातली ऑनलाइन सराव परीक्षा आठवते ना? अकराला सुरू झाली. पहिली पंधरा मिनिटं सगळं सुरळीत. मग 'नेक्स्ट' दाबलं की नुसतं गोल चक्र फिरायला लागलं. साठ मिनिटांच्या पेपरात कुणाची पंधरा मिनिटं गेली, कुणाची पंचवीस. शेवटच्या रांगेतला एक जण तर पेपर 'सबमिट' झाला की नाही हे न कळताच उठला. सराव परीक्षा होती म्हणून निभावलं. त्या संध्याकाळी मेसमध्ये सर्व्हरला जेवढ्या शिव्या पडल्या, त्या सगळ्या मी मान खाली घालून वरण-भातासोबत गिळल्या. कारण चूक सर्व्हरची नव्हती, माझी होती.

झालं असं. विभागाच्या त्या ८ कोअरच्या सर्व्हरवर चार आभासी मशीन चालतात. एक परीक्षेचं, दुसरं लॅबचे प्रोग्रॅम तपासणारं, तिसरं ग्रंथालय आणि हिशेबाचं, चौथं बॅकअपचं. देखभालीचं काम सरांनी आम्हा तिघा विद्यार्थ्यांवर सोपवलेलं. बॅकअप रात्री बाराला सुरू व्हायचा. पण रात्री लाइट गेली की यूपीएस थोड्याच वेळात मान टाकायचा आणि बॅकअप अर्धवट राहायचा. सलग तीन रात्री असं झाल्यावर मी महिन्याचा आलेख काढला. सीपीयूचा सरासरी वापर निम्म्याच्याही कितीतरी खाली. म्हटलं, एवढी मोकळी जागा पडली आहे, मग रात्रीचा हट्ट कशाला? बॅकअप सकाळी सव्वाअकराला लावून टाकला आणि स्वतःवर खूश होऊन झोपायला गेलो. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

त्यानंतर मी या विषयाचा जो थोडाफार अभ्यास केला, त्यातून माझं एक मत झालं. सर्व्हरचे भाग पाडणं हे काम सोपं आहे, दोन-चार कमांडचं आहे. खरं नियोजन वेगळंच. गर्दी झाल्यावर कोणी थांबायचं, हे गर्दी होण्याआधी ठरवणं म्हणजे नियोजन. आपण नेमकं तेवढंच सोडून बाकी सगळं करतो.

आधी पार्टिशन म्हणजे काय ते पाहू. पार्टिशन म्हटलं की आपल्याला हार्ड डिस्कचे सी आणि डी आठवतात. इथे डिस्क नाही, अख्खं मशीनच वाटलं जातं. एकाच लोखंडी डब्यात अनेक स्वतंत्र संगणक नांदतात. प्रत्येकाला आपापली ऑपरेटिंग सिस्टिम, आपापली मेमरी, आणि एक कोसळला तरी शेजाऱ्याला पत्ता नाही. कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ साली व्हीएम/३७० बाजारात आणलं, त्यात एका मेनफ्रेमवर अनेक आभासी मशीन चालत. १९८८ मध्ये त्यांच्या ३०९० मेनफ्रेमवर 'लॉजिकल पार्टिशन', म्हणजे एलपार, ही सोय मशीनच्या पोटातच आली. १९९९ मध्ये ती एएस/४०० वर आणि २००१ मध्ये पॉवर-४ च्या युनिक्स सर्व्हरवर आली. तोपर्यंत या युनिक्स सर्व्हरवर वाटणी अख्ख्या प्रोसेसरची होती. एक तुला, दोन मला. २००४ च्या पॉवर-५ पासून प्रोसेसरचा दहावा हिस्सासुद्धा वाटता येऊ लागला.

ही वाटणी चालते कशी? मशीन आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्या मध्ये हायपरवायजर नावाचा एक कारभारी बसलेला असतो. तो १० मिलिसेकंदांची एक पाळी धरतो. एखाद्या पार्टिशनला अर्ध्या प्रोसेसरची हमी दिली असेल, तर दर १० मिलिसेकंदांत तिला ५ मिलिसेकंद मिळणारच. या हमीच्या वाट्याला आयबीएमच्या भाषेत 'एन्टायटलमेंट' म्हणतात. पार्टिशन 'कॅप्ड' असेल तर हमीपेक्षा जास्त काही मिळत नाही. 'अनकॅप्ड' असेल तर इतरांनी न वापरलेलं उरलंसुरलं तिला मागता येतं. मागणारे एकापेक्षा जास्त झाले की 'वेट', म्हणजे वजन, कामाला येतं. ते ० ते २५५ असतं आणि तुम्ही हात लावला नाही तर सगळ्यांना १२८. समजा ३ कोअर शिल्लक आहेत, परीक्षेचं वजन २०० आणि लॅबचं १०० आहे, आणि दोघांनाही हवं आहे. मग परीक्षेला २ आणि लॅबला १.

आपल्या विभागात आयबीएमचं मशीन नाही, पण म्हणून काही अडत नाही. व्हीएमवेअरमध्ये हीच त्रयी रिझर्वेशन, लिमिट आणि शेअर्स या नावांनी आहे. लिनक्सचं केव्हीएम २००७ पासून कर्नेलमध्येच आहे, आणि वजन व मर्यादा लावायला सीग्रुप आहेत, फुकट. आमच्या सर्व्हरवर ही सगळी सोय होती. आम्ही कशालाच हात लावला नव्हता. चौघांचं वजन सारखं. त्यामुळे परीक्षा आणि बॅकअप एकाच रांगेत, एकाच मानाने उभे राहिले.

सगळ्यांना सारखं म्हणजे न्याय, असं आपल्याला वाटतं. मलाही वाटायचं. पण आमच्या गावचा कोणीही शेतकरी याला हसेल.

आमचं गाव माजलगाव तालुक्यातलं, चारीच्या टेलला. हॉस्टेलच्या शहरी मित्रांसाठी सांगतो: कालव्यातून फुटणाऱ्या चारीच्या सुरुवातीच्या शेताला हेड म्हणतात आणि शेवटच्याला टेल. सिंदफणेवरच्या माजलगाव धरणात पैठणच्या उजव्या कालव्यानेही पाणी येतं, १३२ किलोमीटर वाहत. एवढ्या लांबून आलेलं पाणी शेवटच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये अडतं. का? तर हेडचा गडी गेट उघडं ठेवून झोपतो. तो वाईट असतो असं नाही. पाणी समोरून वाहत असतं आणि त्याला कोणी थांबवलेलं नसतं, एवढंच.

यावर आपल्याकडे जुना तोडगा आहे: शेजपाळी. हंगामाआधी अर्ज घ्यायचे, कोणाचं किती क्षेत्र ते पाहायचं, आणि कोणाची पाळी कोणत्या दिवशी ते आधीच लिहून काढायचं. आवर्तन टेलकडून हेडकडे न्यायचं, म्हणजे शेवटचा माणूस आधी भिजतो. २००५ मध्ये महाराष्ट्राने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. त्याच्या इंग्रजी प्रतीत पाण्याच्या ठरलेल्या वाट्यासाठी शब्द आहे 'एन्टायटलमेंट'. आयबीएमच्या पुस्तकात तो पुन्हा भेटला तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. शब्दच नाही, प्रश्नही तोच आहे. कागदावरची शेजपाळी शेतात नेहमी उतरतेच असं नाही, तो वेगळा विषय. पण ती लिहिलेली असते म्हणून भांडता तरी येतं.

आमचे अण्णा एकदा म्हणाले होते, "पाणी कमी हाय ह्याचं एवढं न्हाई वाटत रं. पाळी कव्हा येनार त्येच कळत न्हाई, माणूस रातभर बांधावर बसून ऱ्हातो." गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसलेल्या परीक्षार्थ्याची अवस्था याहून वेगळी नव्हती.

आता आकडे. आलेखातली सरासरी बघून मी कसा फसलो ते एका सोप्या उदाहरणात मांडतो. खालचे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी धरलेले आहेत, थोडी मोकळीक ठेवून. परीक्षेला सकाळी १० ते १ या वेळेत ६ कोअर लागतात. लॅबला दुपारी २ ते ५ मध्ये ५ कोअर. ग्रंथालय-हिशेबाला १० ते ५ मध्ये १. बॅकअपला रात्री १२ ते ६ मध्ये ४.

एक जण म्हणेल, प्रत्येकाची कमाल मागणी मोजा. ६, ५, १ आणि ४ मिळून १६ कोअर. एवढा मोठा सर्व्हर घ्या. दुसरा म्हणेल, दिवसभराची सरासरी काढा. १८, १५, ७ आणि २४ असे एकूण ६४ कोअर-तास, भागिले २४, म्हणजे पावणेतीन कोअरसुद्धा होत नाहीत. छोटा सर्व्हरही पुरेल. दोघंही चुकले. बघायची ती एका वेळची बेरीज. सकाळी ६ आणि १ मिळून ७. दुपारी ५ आणि १ मिळून ६. रात्री ४. म्हणजे ८ कोअरचा सर्व्हर व्यवस्थित पुरतो, पण कधी? ज्यांची गर्दी वेगवेगळ्या वेळी होते त्यांनाच शेजारी बसवलं तर. रात्रीचा बॅकअप उचलून सकाळी आणला की ७ चे ११ होतात. मी नेमकं हेच केलं होतं, सरासरीला धक्काही न लावता. बॅकअप रात्री चालो की सकाळी, ६४ चे ६४ च राहतात.

आणि 'थोडी मोकळीक' कशासाठी, तेही सांगतो. व्हायवाला हमखास विचारतात. कामं अनियमित येत असतील तर साध्या रांगेच्या सिद्धांताप्रमाणे एका कामाला लागणारा वेळ किती पट होतो हे १ भागिले (१ वजा वापर) या सूत्राने निघतं. वापर ५० टक्के असेल तर २ पट. ८० टक्क्यांना ५ पट. ९० ला १० पट आणि ९५ ला २० पट. म्हणजे ५० वरून ८० पर्यंत सर्व्हर जेमतेम कुरकुरतो, आणि ९० वरून ९५ म्हणजे फक्त ५ टक्के वाढले की वाट पाहण्याचा वेळ दुप्पट. 'पंधरा मिनिटांपूर्वी तर चालू होतं' असं सगळे म्हणतात ते खरंच असतं.

आता खरी कसोटी. सबमिशनच्या आठवड्यात लॅबही सकाळी भरते. परीक्षा ६, लॅब ५, ग्रंथालय १, एकूण १२, आणि आहेत ८. कोणीतरी थांबणार हे नक्की. इथे दोन रस्ते आहेत. काहीच ठरवलं नाही तर सगळे थोडे थोडे थांबतील आणि परीक्षा देणाऱ्यांची मिनिटं जातील. ती मिनिटं परत मिळत नाहीत. ठरवलं असेल तर परीक्षेला ६ ची हमी, ग्रंथालयाला १ ची, आणि लॅबला पेपर संपेपर्यंत उरलेला १, नंतर पुन्हा ५. लॅबचं १५ कोअर-तासांचं काम मग तीनऐवजी साधारण साडेपाच तासांत होईल. प्रोग्रॅमचा निकाल दुपारी एकऐवजी साडेतीनला लागेल. कुणाचं काय बिघडलं? तेवढ्यात एक झोप होते.

लॅबवाल्यांवर हा अन्याय आहे का? ज्याचं काम उशिरा झालं तरी वाया जात नाही त्याने थांबायचं, एवढाच याचा अर्थ. मात्र ते त्यांना आधी सांगितलं पाहिजे.

अजून एक धडा, हा मात्र पुस्तकात सहज सापडत नाही. घोटाळ्यानंतर मी परीक्षेला भरपूर वजन देऊन मुद्दाम बॅकअप सोबत चालवून पाहिला. तरीही परीक्षा रखडली! सीपीयू तर मोकळा दिसत होता. मग लक्षात आलं की रांग डिस्कच्या दारात लागली होती. बॅकअप अख्खी डिस्क वाचत सुटतो, आणि परीक्षेचं प्रत्येक उत्तर त्याच डिस्कवर लिहायचं असतं. वाटलेला सीपीयू आणि न वाटलेली डिस्क म्हणजे हॉस्टेलच्या बाथरूमला प्रत्येकाची वेळ ठरवून दिली आणि वरची टाकी एकच ठेवली. डिस्कला वेगळी मर्यादा लावली तेव्हा कुठे जमलं. सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क, चारही पाहिल्याशिवाय वाटणी झाली असं म्हणू नये.

एवढं सगळं एका सराव परीक्षेसाठी? नाही. मला आठवते ती २०२३ ची ३१ जुलै. मी बारावीत होतो. त्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीकविमा सुरू झाला होता (२०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली). शेवटच्या तारखेला अण्णा आणि मी तालुक्याच्या एका केंद्रावर दुपारपासून उभे होतो. समोरची रांग हलत नव्हती. आतला पोरगा दर दहा मिनिटांनी बाहेर येऊन एकच वाक्य म्हणायचा, "सर्व्हर डाऊन हे." कोणी सातबारा परत घडी घालून पिशवीत ठेवत होतं, कोणी घरी फोन करत होतं. आम्ही रात्री अर्ज न भरताच परतलो. पुढे मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढली आणि आमचं काम झालं. २०१७ मध्येही पीकविम्याची ३१ जुलैची मुदत ५ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली होती.

मुदतवाढ चांगलीच, आमचा त्यात फायदाच झाला. पण मुदतवाढ म्हणजे नियोजन नव्हे. मराठवाड्यातला शेतकरी पाऊस बघून पेरतो आणि पेरणी उभी राहिल्यावर विम्याचा विचार करतो. तो शेवटच्या आठवड्यातच येणार, हे बीडमध्ये लहान पोरालाही ठाऊक आहे. त्याच जून-जुलैत प्रवेशासाठी उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले काढणाऱ्यांची झुंबड असते, सातबाऱ्याचीही असते. सगळ्यांची गर्दी एकाच वेळी होते. अशा वेळी 'एकाचं उरलेलं दुसऱ्याला' हा हिशेब लागूच होत नाही, कारण कोणाचंच काही उरत नाही. असं काम ज्याच्या हातात असेल त्याने दोनच गोष्टी कराव्यात. एक, शेवटचे पाच दिवस ही अडचण न समजता तोच मुख्य भार समजून हमीचा वाटा तेवढ्यासाठी ठरवावा, आणि अहवाल, बेरजा, बॅकअप ही थांबू शकणारी कामं त्या दिवसांत मागे ढकलावीत. दोन, तारीख हीसुद्धा नियोजनाची वस्तू आहे हे ओळखावं. कालव्याला सगळ्या गावांना एकाच रात्री पाणी देत नाहीत. मग अर्जाला सगळ्या गावांना एकच रात्र का? गावागणिक किंवा मंडळागणिक दिवस वाटून दिले, आणि चुकलेल्यांसाठी शेवटचे दोन दिवस राखून ठेवले, तर तोच सर्व्हर पुरेल.

यावर मित्रांचे दोन आक्षेप आहेत, तेही मांडतो. पहिला: "क्लाऊडवर टाक, विषय संपला." क्लाऊड म्हणजे तरी काय? दुसऱ्याच्या सर्व्हरवरचं आपलं पार्टिशन. वाढवून मिळतं हे खरं, पण बिलही वाढतं, आणि मागचा डेटाबेस एकच असेल तर पुढची दारं दहा केली तरी रांग आत लागते. दुसरा: "नवा सर्व्हर घ्या ना." जरूर घ्यावा, मी कशाला नको म्हणू! पण मोठ्या डेटाबेसची लायसन बरेचदा कोअरवर मोजतात, आणि कोणी थांबायचं हे ठरलेलं नसेल तर नवा सर्व्हरही एका सव्वाअकराला आडवा होईल.

म्हणून विभागप्रमुखांना आणि तुम्हा सर्वांना माझी विनंती साधी आहे. लॅबच्या दारावर एक तक्ता लावू या. त्यात चार रकाने: काम कोणतं, गर्दी कधी, हमी किती, आणि गर्दीत थांबायचं कोणी. परीक्षेच्या आठवड्याआधी परीक्षा विभाग, लॅबचे सर, ग्रंथपाल आणि आमच्यासारखे देखभालवाले यांनी दहा मिनिटं एकत्र बसून तो भरावा आणि खाली सह्या कराव्यात. तक्त्याबाहेर कोणी एकट्याने वेळ बदलू नये, विशेषतः सरासरीचा आलेख बघून खूश झालेल्या तिसऱ्या वर्षाच्या पोराने तर मुळीच नाही. वजनाचा आकडा हायपरवायजर पाळतो, पण तो आकडा माणसांनीच घालायचा असतो.

बॅकअप आता पहाटे चारला चालतो, यूपीएसला नवीन बॅटऱ्या आल्यात. पुढची परीक्षा परवा आहे. त्या शेवटच्या रांगेतल्या मित्राला मी सांगून ठेवलंय, चक्र फिरलंच तर थेट माझ्या खोलीवर ये. दार उघडंच असेल.